हॉटेलची सर

“कसं झालंय?”

तिने विचारलं आणि हातातला फडका पिळायला घेतला. फडका कोरडाच होता, पण पिळायला काहीतरी हवं ना! समोर कॅप्टन पनीरच्या भाजीचं ताट घेऊन जेवायला बसले होते. कॅप्टन म्हणजे जहाजावरचे नव्हेत, आणि सैन्यातले तर नव्हेतच. मोठ्या हॉटेलात वेटर लोकांच्या वर एक काळा कोटवाला असतो, गिऱ्हाइकाला खुर्ची ओढून देतो, कानाशी लागून ‘आज हे घ्या साहेब, आज हे फार सुंदर झालंय’ म्हणतो, तो कॅप्टन. हॉटेलातली ही पदवी आधी बिल्डिंगीत आली, बिल्डिंगीतून जिना चढून घरात आली, आणि आता तर त्यांची बायकोसुद्धा मनातल्या मनात त्यांना कॅप्टनच म्हणायची.

कॅप्टननी पहिला घास घेतला. डोळे मिटले. घास या गालातून त्या गालात नेला, पुन्हा या गालात आणला. फडक्याला आणखी एक पीळ पडला.

“हं,” कॅप्टन म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे बरं आहे. खाण्यासारखं आहे.” त्यांनी दुसरा घास घेतला. “पण हॉटेलची सर नाही.”

“लागला निकाल!” शेजारच्या खुर्चीवरून लेक ओरडली. शाळेचा गणवेश अजून अंगावरच होता. तिला लहानपणापासून सगळे ठिणगी म्हणायचे, आणि ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांना भविष्य कळत असावं. “आई, तू पुन्हा नापास! बाबा, पेपर कोण काढतं हो? आणि याला पुरवणी परीक्षा असते की नाही?”

“जेव गुपचूप,” कॅप्टन म्हणाले. “तुला काय कळतंय? आमचे उस्ताद पहाटे येऊन टोमॅटो भाजायला घेतात. आधी भाजायचे, मग सोलायचे, मग मंद आचेवर दुपारपर्यंत आटवायचे. कांदा वेगळा, काजू वेगळे. सगळ्यात शेवटी लोणी. अशी ग्रेव्ही तयार होते तेव्हा. हे काही घरातल्या कढईचं काम नाही.”

“मी पण भाजूनच घेतले होते,” ती हळूच म्हणाली.

“हाताची चव असते गं ती. ती काय शिकून येते?”

आणि त्यांनी चमच्याने पेल्यावर टुणटुण वाजवलं. म्हणजे पाणी हवं होतं.

हे असं दर सोमवारी. सोमवार हा कॅप्टनांच्या सुटीचा दिवस. तिची सुटी खरं तर रविवारची, पण कारखान्यातल्या सुपरवायझरच्या विनवण्या करकरून तिने ती सोमवारवर आणून ठेवली होती. का, तर नवऱ्याला आठवड्यातून एकदा तरी दुपारचं गरम ताट आपल्या हाताने वाढता यावं म्हणून. रविवारी सगळा कारखाना घरी लोळायचा तेव्हा ही मोजक्या लोकांबरोबर कामावर, आणि सोमवारी ओट्याशी. तिला एकच शब्द ऐकायचा होता. ‘जमलं.’ बस. साडी नको, दागिना नको, फिरायला नेणं नको. जमलं!

सुरुवातीला असं नव्हतं हो. लग्न झालं तेव्हा कॅप्टन कॅप्टन नव्हते, साधे पाणी देणारे वेटर होते. पायांना गोळे येईपर्यंत उभे राहून घरी यायचे, तिने केलेली करपलेली पोळीसुद्धा मिटक्या मारत खायचे आणि विचारायचे, “आणखी आहे का?” तेव्हा तीच शाबासकी होती. मग एक दिवस अंगावर काळा कोट आला, कोटाच्या खिशावर सोनेरी धाग्यात हॉटेलचं नाव आलं, आणि त्या दिवसापासून ‘आणखी आहे का’ गेलं ते गेलंच.

बरं, तिने त्यांना खोटं ठरवावं तर तेही नाही. ठिणगी तिसरीत असताना हॉटेलवाल्यांनी नोकरमाणसांच्या घरच्यांना एकदा जेवायला बोलावलं होतं. पांढऱ्याशुभ्र चादरींची टेबलं, घडी घातलेले रुमाल. तिने तिथली ती पनीरची भाजी खाल्ली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मऊ, गोडसर, केशरी, जिभेवर रेशीम सरकावं तशी! ‘मला असं कधी जमणार?’ तिच्या मनात आलं. त्याच वेळी पलीकडच्या टेबलावरच्या कोणीतरी चुटकी वाजवली आणि कॅप्टन कमरेत वाकून धावले. ते तिने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं. रेशमाची चव तेवढी घेऊन ती घरी आली, ती आजपर्यंत तिच्यामागे लागली होती.

तिचं काम? तेही खाण्याच्याच धंद्यातलं. शहराबाहेर एक तयार सॉसचा कारखाना होता. ‘हॉटेलसारखी चव, घरच्या घरी’ असं बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. बाटली उघडा, कढईत ओता, आवडेल ते टाका, एक उकळी आणा, संपलं. गरम सॉस भरून, झाकण घट्ट बसवून, थंड होऊन बाटल्या सरकत्या पट्ट्यावरून तिच्यापुढे यायच्या आणि ती हातातल्या स्टीलच्या काडीने एकेका झाकणावर टकटक करायची. बाटली नीट बंद असली तर ‘टिंग’ असा स्वच्छ आवाज यायचा. आत हवा शिरली असली तर ‘ठप्प’. बाहेरून दोन्ही बाटल्या जुळ्या बहिणी! रंग तोच, लेबल तेच. पण ठप्प म्हणाली की ती बाटली उचलून डावीकडच्या लाल क्रेटमध्ये. बाद. तिचा कान इतका तयार झाला होता की सरकता पट्टा, पंखे, बायकांची बडबड या सगळ्या कल्लोळातही एक ठप्प तिच्यापासून सुटायचा नाही. कारखान्यात तिचं नावच पडलं, झाकणवाली.

कॅप्टन पाहुण्यांना सांगायचे, “आमची ही तिकडे तबला वाजवते.” पाहुणे हसायचे. तीही हसायची.

“आणि बाटलीतलं या घरात शिजणार नाही,” हा त्यांचा कायदा. “लोक मला विचारून जेवण ठरवतात. माझ्या घरात बाटली निघाली तर माझी काय किंमत राहील?”

तिच्या पलीकडे लेबलवाली बसायची, तोंडाने फटकळ. ती एकदा म्हणाली, “मी तर बाई सर्रास बाटली उघडते. नवरा बोटं चाटून म्हणतो, काय हात आहे तुझा! हात कसला डोंबलाचा! झाकण फिरवायला लागतो तेवढाच हात.”

“आणि तू सांगत नाहीस?”

“कशाला? त्याचं पोट भरतं, माझी पाठ दुखत नाही. तूपण एकदा ओत की त्या कॅप्टनच्या ताटात. कळू नको देऊस.”

“नको गं. खोटं बोलून घेतलेली शाबासकी अंगाला लागते का?”

“मग बस नापास होत,” लेबलवाली म्हणाली आणि एक लेबल थापकन चिकटवलं.

त्यानंतर काही दिवसांनी मागच्या विभागातल्या दोघी बायका एकदम आजारी पडल्या आणि सुपरवायझरने हिला तिकडे पाठवलं. मागचा विभाग म्हणजे घाऊक माल. तिथे बाटल्या नव्हत्या, उशीएवढ्या चंदेरी पिशव्या होत्या. पिशवी भरायची, तोंड गरम पट्टीखाली धरून बंद करायचं, खोक्यात रचायची, खोक्यावर पत्त्याचा कागद लावायचा. टकटक करायला काही नाही म्हणून तिचा हात उगाच शिवशिवत होता.

दुपारी तिने एका खोक्यावर कागद लावला आणि हात तिथेच राहिला.

ती अक्षरं तिला तोंडपाठ होती. नुसती वाचून नव्हे, बोटांनी! शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळून पुन्हा खाली आलेली. कॅप्टनच्या कोटाला इस्त्री करताना त्या शेपटीचा सोनेरी धागा जळू नये म्हणून ती त्यावर ओला रुमाल पसरायची. रोज. तीच शेपटी. तेच नाव. एका खोक्यावर, दुसऱ्या खोक्यावर, भिंतीपर्यंत रचलेल्या सगळ्या खोक्यांवर.

माल न्यायला टेंपोवाला आला होता. पोट सुटलेला, हसरा, गप्पिष्ट माणूस. तिने होईल तितक्या सहज आवाजात विचारलं, “दादा, हे एवढं सगळं त्या मोठ्या हॉटेलात जातं?”

“दर आठवड्याला, ताई.”

“पण तिथे तर मोठे उस्ताद आहेत ना? पहाटेपासून टोमॅटो भाजतात म्हणे.”

टेंपोवाला खो खो हसला. “उस्ताद? ते केव्हाच सोडून गेले! मी ही गाडी चालवायला लागलो त्याच्याही आधी. माझी मुलगी तेव्हा रांगत होती, आता कॉलेजात जाते. आता कसला उस्ताद आणि कसलं काय! पिशवी कापायची, पातेल्यात ओतायची, वर लोण्याचा गोळा.”

“आणि गिऱ्हाइकांना कळत नाही?”

“तिथला कॅप्टन कळू देईल तर ना! भला माणूस आहे हो. गाडी मागच्या दाराला लागली की कोट काढून ठेवतो, बाह्या सरसावतो आणि खोकी स्वतः आत घेतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मला चहा पाजतो. म्हणतो, बाहेर बोलू नका हं.” टेंपोवाल्याने जीभ चावली. “हे बघा, मीच बोलून बसलो. तुम्ही कुठे बोलू नका, ताई.”

“मी कुठे बोलणार?” ती म्हणाली.

त्याची मुलगी रांगत होती तेव्हापासून. म्हणजे ठिणगी तिसरीत होती त्याच्या कितीतरी आधीपासून! म्हणजे पांढऱ्या चादरीवर बसून जे रेशीम खाऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते या पत्र्याच्या शेडमधून गेलं होतं. आणि तिने इतकी वर्षं टोमॅटो भाजले होते. भाजून बघितले, उकडून बघितले, उन्हात वाळवलेले घालून बघितले. बोटं पोळली, कढया बदलल्या, मिक्सरचं भांडं फुटलं. कॅप्टन समोर बसून बघत होते. सगळं माहीत असून बघत होते.

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. ती पुढचं खोकं ओढून घेऊन त्यावर कागद लावायला लागली. सरळ, एकही सुरकुती न पडू देता.

वजनात कमी भरलेल्या पिशव्या बाजूला काढत आणि कामगारांना त्या सुपरवायझरला विचारून घरी नेता येत. इतक्या वर्षांत तिने कधी काही नेलं नव्हतं. सुपरवायझर चाट पडला. “झाकणवाली? तू? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?”

“आमच्या घरी हॉटेलचं माणूस जेवायला आहे,” ती म्हणाली.

सोमवारी ठिणगी शाळेतून आली, दप्तर भिरकावलं, ओट्याकडे गेली आणि जागच्या जागी थिजली. चंदेरी पिशवी, कोपरा कापलेली. आई पातेल्यात ढवळत होती, आणि घरभर हॉटेलचा वास सुटला होता. हुबेहूब!

“आई! बाटलीबंदी उठली?”

आईने सांगितलं. थोडक्यात, ढवळता ढवळता, हवामानाची बातमी सांगावी तसं. ठिणगीचे डोळे मोठे होत होत पार कपाळात गेले. आधी तिचा रागाने तिळपापड झाला, ती दोनदा पाय आपटून म्हणाली, “खोटारडे! खोटारडे!” आणि मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी पेटलं.

“थांब थांब. म्हणजे आई, बाबांचे ते उस्ताद म्हणजे… तुम्ही लोकच! तू आणि लेबलवाली मावशी!”

आई थबकली. हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने पळीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की आईला ओट्याला धरून उभं राहावं लागलं.

“आज ही पिशवीच त्यांच्या ताटाखाली अंथरू,” ठिणगी म्हणाली. “किंवा मी वेटर होते. ‘आज हे घ्या साहेब, आज हे फार सुंदर कापलंय!’”

“नाही.” आईचं हसू संपलं होतं. तिने पिशवीची बारीक घडी केली आणि कचऱ्याच्या डब्यात भाज्यांच्या सालींखाली दाबली. “एक अक्षर बोलायचं नाहीस. मला फक्त ऐकायचंय.”

“काय ऐकायचंय?”

आईने लोण्याचा डबा पुढे ओढला.

“जमलं? त्यासाठी? आई, अगं तो शब्द आता घेऊन करायचाय काय तुला?”

“मला ऐकायचाय,” आई म्हणाली. लहान मुलीने हट्टाने म्हणावं तसं.

शाबासकी खोटी असली तर अंगाला लागत नाही, हे तिचंच म्हणणं. पण माणूस उपाशी असला की ताटात काय वाढलंय ते विचारत नाही.

कॅप्टन आले, बसले. तिने वाढलं. वर लोण्याचा गोळा, त्यावर सायीची नक्षी. ती दाराशी उभी राहिली, फडका हातात.

“कसं झालंय?”

कॅप्टननी घास घेतला. डोळे मिटले. आणि घास या गालातून त्या गालात गेलाच नाही. मध्येच थांबला. त्यांनी डोळे उघडले, आधी ताटाकडे पाहिलं, मग ओट्याकडे, मग कचऱ्याच्या डब्याकडे, आणि मग तिच्याकडे. त्यांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. ज्याने ही चव स्वतःच्या खांद्यावरून आत वाहून नेली होती त्याला ती ओळखायला कितीसा वेळ लागणार? ओळखली. ओळखली हे तिला दिसलं, आणि तिला दिसलं हे त्यांनाही दिसलं.

त्या एका क्षणात काहीही होऊ शकलं असतं. ते हसू शकले असते. ‘पकडलंस की!’ म्हणू शकले असते. तिने तेवढ्यावरसुद्धा सगळं सोडून दिलं असतं, खरंच दिलं असतं.

कॅप्टननी घास गिळला.

“बरं आहे,” ते म्हणाले. “पण हॉटेलची सर नाही.”

ठिणगीच्या घशातून विचित्र आवाज आला. दारातून पुढे आलेल्या आईचा हात तिच्या खांद्यावर पडला होता, घट्ट.

“बाबा,” तरी ती म्हणालीच, “तुमचे उस्ताद अजून पहाटे उठतात?”

“उठतात तर.” त्यांनी मान वर केली नाही. “वय झालं, पण हात तोच.”

जेवण झालं. ताट त्यांनी पोळीच्या तुकड्याने पुसून स्वच्छ केलं, इतकं की घासायलासुद्धा काही उरलं नाही.

ते आत जाऊन पडल्यावर ठिणगी ओट्याशी जाऊन आईवर तुटून पडली. “तू का बोलली नाहीस? पिशवी काढून समोर आपटायची ना! त्यांना कळायला नको?”

“त्यांना कळलंय.”

“मग?”

आई पातेलं घासत होती. “मला वाटायचं, माझ्या हातालाच चव नाही,” ती म्हणाली. “किती वर्षं हाताला दोष दिला मी. हाताचा काही प्रश्नच नव्हता गं.”

ठिणगी काहीतरी फटकन बोलणार होती, म्हणजे ती नेहमीच बोलते. पण आईने नळ मोठा सोडला, आणि लेक तशीच आईच्या पाठीला टेकून उभी राहिली.

पुढच्या सोमवारी तिने बटाट्याची साधी भाजी केली. टोमॅटो नाहीत, काजू नाहीत, लोणी नाही. मोहरी, मिरची, मीठ. कॅप्टन येऊन बसले. तिने त्यांना वाढलं, लेकीला वाढलं, आणि मग तिसरं ताट घेतलं, स्वतःला वाढलं आणि समोरची खुर्ची ओढून बसली. फडका खिडकीत वाळत होता.

कॅप्टननी पहिला घास घेतला. सवयीने डोळे मिटले. घास या गालातून त्या गालात फिरला. मग थांबला. ते वाट पाहत होते.

ती जेवत होती.

कॅप्टननी एक डोळा उघडला. घसा खाकरला. पेल्यावर चमचा वाजवावा म्हणून उचलला, पण पेल्यात पाणी होतं काठोकाठ. चमचा खाली ठेवला. ठिणगीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता बटाट्याची फोड तोंडात टाकली.

“अगं,” कॅप्टन म्हणाले.

“हं?”

“आज… जमलंय.” ते ताटाकडे पाहत होते. “छान जमलंय आज.”

ती चावायची थांबली. मान किंचित कलती केली, पट्ट्यापाशी करायची तशी, आणि कान देऊन ऐकलं. शब्द तोच होता. रंग तोच, लेबल तेच.

ठप्प.

तिने घास गिळला. मिठाची वाटी कॅप्टनांच्या ताटाजवळ होती, ती उचलली आणि आपल्या डाव्या हाताला, कारखान्यात लाल क्रेट असतो त्या बाजूला, ठेवून दिली.

“भात वाढून घ्या,” ती म्हणाली, आणि जेवायला लागली.